डोळ्यांनी ऐकणारी

कल्पना करा, तुम्ही कापडाच्या कारखान्यात मागावर उभे आहात. चहूकडे मागच माग, खडखडाट असा की स्वतःचा खोकलासुद्धा ऐकू येत नाही. समोरच्या बाईला सांगायचंय, ‘तुझा धागा तुटलाय.’ ओरडू नका, उपयोग नाही. ओठ सावकाश हलवा, भुवई उडवा, दोन बोटं कात्रीसारखी मिटा. कळलं तिला? मग तुम्ही रुळलात.

या बोलीत थोरलीचा हात धरणारं कुणी नव्हतं. पार त्या टोकाला मुकादमानं हासडलेली शिवी ती ओठांवरून वाचायची आणि समोरच्या मागावरच्या धाकट्या बहिणीला पोचवायची, वर दोन शब्द पदरचे घालून. पण घरी मागून हाक मारली, तर ओ नाही.

“ऐकू येत नाही का गं ताई?”

“येतं की! तू जरा तोंड दाखवून बोल.”

आवारात मालाची ट्रॉली मागून आली की धाकटी तिची बाही धरून बाजूला ओढायची. रोजचंच होतं ते.

मग युनियन आणि एक आरोग्य संस्था एकत्र आल्या. माणसं युनियननं जमवायची, कान संस्थेनं तपासायचे. ज्याचे कान गेलेत त्याची बदली कापडाच्या घड्या घालायच्या शांत घडीखात्यात, एवढं मालकाकडून कबूल करून घेतलं होतं. बायकांपर्यंत पोचलं ते इतकंच : कान तपासणार आहेत. आणि कारखान्यात तपासणी म्हणजे काय, तर नापास झाला तो घरी बसला.

काचेची खोली. कानांना यंत्र. आवाज आला की बोट वर करायचं. थोरली बाहेर आली ती हसतच.

“पास झाले गं! बटण दाबताना डॉक्टरीणबाईंचा खांदा हलतो. एकही सोडलं नाही मी.”

रांग खदखदून हसली. पुढच्या सगळ्याजणींनी खांदाच बघितला. धाकटीचाही जीव भांड्यात पडला. ताईची नोकरी वाचली होती.

निकाल आला : कान उत्तम. बदली कुणाचीच नाही.

पुढे धाकटीची पाळी बदलली. बाही ओढायला कुणी उरलं नाही. ट्रॉलीवाला जीव तोडून ओरडला म्हणतात. पण थोरलीच्या पाठीला कुठे डोळे होते?

थोरलीच्या दहाव्याला युनियनचे भाऊ आणि संस्थेच्या मॅडम दोघंही घरी आले.

“बदलीचं तुम्ही सांगितलं असेल, असं आम्ही धरून चाललो,” मॅडम म्हणाल्या.

भाऊ म्हणाले, “आम्ही म्हटलं, तपासणी तुमची. तुम्हीच सांगाल.”

धाकटी त्याच मागावर आहे. समोर आता दुसरी बाई असते. ती धागा जोडायला वाकली, की तिच्या डोक्यावरून रिकाम्या जागेकडे बघत धाकटी ओठ हलवते, सावकाश, ताईला वाचता येतील असे : “नापास होण्यातच सुटका होती, हे आपल्याला सांगायचं काम कुणाचं होतं गं?”