लावली रे तुझी वाट!

इंटरनेट यायच्या आधी आम्हा हौशी मंडळींचे संगणक रेडिओवरून एकमेकांना निरोप धाडत. कुठला निरोप कुणामार्फत जायचा, याचा तक्ता मुरबाडचा एक गडी सांभाळायचा. मार्गाला तो ‘वाट’ म्हणे. नवा मार्ग जोडला की माइकवर खिदळायचा, "लावली रे तुझी वाट!" कुणाचं केंद्र बंद पडलं की त्याची वाट मात्र लगेच पुसायचा, नाहीतर निरोप तिथेच अडकत.

शहापुरात माझा अँटेना पडला आणि निव्वळ आळसाने मी तो पावसाळाभर उभारला नाही. अखेर तो उभारून माइकवर शरमतच बोललो, "दादा, माझी वाट पुसली असेल ना?"

"पुसली तर! खोटी वाट ठेवत नाय मी."

मी माइक खाली ठेवणार, तोच तो पुढे म्हणाला,

"पन रोज संध्याकाळी तुला हाक मारत होतो. तक्त्यातली वाट पुसली रे, वाट बघायची नाय सोडली. थांब, लावतो परत तुझी!"