शंभरातली एक

आमच्या घरात मोठ्या आत्याला आत्या कुणी म्हणत नाही. बाबा आणि दोन्ही काका तिला अक्का म्हणतात, म्हणून मीही अक्काच म्हणते. पाच भावंडांत ती थोरली. थोरलं असणं हा मान आहे असं सांगणारे सगळे धाकटेच असतात, हे मी आमच्या घरात बघितलं.

आजी कारखान्यात पाळीवर जायची आणि भावंडं लागोपाठ झाली. एकाचं दूध सुटतंय तोच दुसरं पाळण्यात. अक्काच्या कडेवर कायम कुणीतरी असायचं, त्यामुळे तिची कंबर एका बाजूला वाकली ती वाकलीच. धाकटी आत्या जन्मली त्या वर्षी अक्काची शाळा सुटली. पुढे "हिला पोरं सांभाळायची सवय आहे" म्हणून त्याच कारखान्याच्या पाळणाघरात नोकरी लागली. दिवसभर पगाराची पोरं, संध्याकाळी बिनपगारी.

पाळणाघर म्हणजे एक लांबोडी खोली. गुडघ्याएवढ्या उंचीवर बेसिनं, भिंतीला ओळीनं खुंट्या आणि प्रत्येक खुंटीवर एक चित्र : मासा, छत्री, घंटा. ज्या पोराला मासा, त्याची पिशवी माशाखाली. बायका सकाळी "संध्याकाळी येते हं" म्हणून पळायच्या. पोरं दार धरून रडायची आणि अक्का एकेकाची बोटं सोडवून त्यांना आत न्यायची.

मग पोरं कमी होत गेली. खोली भरेना, मग अर्धीही भरेना. शेवटी पाळणाघर बंद झालं आणि नगरपालिकेनं त्याच खोलीत म्हाताऱ्या माणसांचं दिवसाचं केंद्र काढलं. माणसं जुनीच ठेवली. बेसिनंसुद्धा जुनीच. पुढची कित्येक वर्षं म्हातारे कमरेत वाकून, अक्काच्या खांद्याचा आधार घेऊन त्यात हात धूत होते. खुंट्यांवरची चित्रं मात्र मुद्दाम ठेवली, कारण स्वतःचं नाव विसरलेल्या माणसालाही मासा ओळखता येतो. पूर्वी जी बाई पोराला सोडून कामावर जायची तिला आता तो पोरगा सोडून जातो. तोही "संध्याकाळी येतो हं" म्हणतो आणि बाई दार धरून रडते.

फरक होता तो वजनाचा. पोर एका हातानं उचलता येतं, म्हाताऱ्या माणसाला दोघींनी उचलायचं असतं. तसा नियमच भिंतीवर लावला होता. दुसरी बाई काही मिळत नव्हती. जाहिराती दिल्या, पण हे काम करायच्या वयाचं कुणी गावात राहिलंच नव्हतं. शेवटी जी आली ती अक्काच्याच वयाची, तिलाच खुर्चीतून उठताना हात द्यावा लागायचा. अक्काचे गुडघे गेले, पाठोपाठ कंबर.

निवृत्ती जवळ आली की सरकार निवृत्तीचं वय वाढवायचं. दोनदा झालं असं. मी म्हणायचे, "अक्का, तू पुढे सरकलीस की ती रेघपण पुढे सरकते." ती म्हणायची, "मेल्यावर तरी थांबेल ना गं?"

दुसऱ्यांदा वय वाढवलं तेव्हा समजावून सांगायला एक साहेब केंद्रात आला. पोरगाच होता, घामाघूम. मी अक्काला न्यायला गेले होते, म्हणून मीही बसले ऐकत. त्यानं भिंतीवर तक्ता टांगला. त्यावर एक रेघ होती. आधी वर, मध्ये खोल खाली, मग पुन्हा वर चढत गेलेली.

"पूर्वी शंभर कमावत्यांच्या जिवावर खूप माणसं अवलंबून असायची," तो म्हणाला. "ती मुलं होती. मग मुलं कमी झाली आणि म्हातारे अजून वाढले नव्हते. इथे, या खळग्यात, भार एकदम हलका झाला. आता पुन्हा वाढतोय. पण आता म्हातारे आहेत. म्हणून कमावत्यांनी जरा जास्त दिवस..."

"मध्ये भार हलका झाला होता?" अक्कानं विचारलं.

"हो ना, मावशी. चांगली वीस-पंचवीस वर्षं. देशानं तेव्हाच तर प्रगती केली."

"असं होय? मला कुणी कळवलं नाही."

सगळे हसले. साहेबही हसला. मला हसू आलं नाही, कारण त्या खळग्यात आमच्या घरात काय झालं ते मला ठाऊक होतं. भावंडं मोठी झाली, नोकऱ्यांना लागली, लग्नं झाली, जागा घेतल्या. आजीनं अंथरूण धरलं आणि "अक्काला सवय आहे" म्हणून ती अक्काच्या वाट्याला आली. अक्काचं लग्न ठरत आलं होतं म्हणे. मुलाकडच्यांनी विचारलं, तुमच्या आईचं पुढे कोण बघणार? चारी भावंडं समोर बसली होती. कुणी तोंड उघडलं नाही आणि लग्न बारगळलं. प्रगती झाली, ती अशी.

अक्काला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. नोकरी संपल्यावर एक खोली, जिची किल्ली फक्त तिच्याकडे असेल आणि जिथे "अक्का" अशी हाक ऐकू येणार नाही. तिनं ती शोधूनही ठेवली होती. एका लाँड्रीच्या वर, एक खिडकी, कोपऱ्यात ओटा. मला दाखवायला घेऊन गेली. आत गेल्यावर ती भिंतीला टेकून खाली बसली. मग म्हणाली, "किती शांत आहे गं."

अखेर पेन्शन लागली. हे सांगायला तिनं सगळ्यांना जेवायला बोलावलं. खोलीचं ती जेवताना सांगणार होती. पण तिच्याआधी मधल्या काकानं घसा खाकरला. हा काका लग्न न करता राहिला आणि आता त्याला नीटसं दिसत नाही.

"अक्का, तू आता मोकळी झालीस. मी आणि हा धाकटा तुझ्याकडेच राहायला यावं म्हणतो. तुलाही सोबत होईल."

धाकट्या काकाची बायको गेली आहे आणि मुलगा परदेशात आहे. त्याने मान डोलावली. धाकटी आत्या म्हणाली, "माझंही पुढेमागे बघावं लागेलच." बाबा ताटात बघत राहिले.

"तिनं स्वतःसाठी खोली बघितली आहे," मी म्हणाले.

"एकटीनं? या वयात?" मधला काका म्हणाला. "आणि आमचं कोण करणार? तिला सवय आहे."

तेवढ्यात धाकट्या काकाच्या त्या परदेशातल्या मुलाचा व्हिडिओ कॉल आला. "अक्का, तू आहेस म्हणून मी निर्धास्त आहे," असं म्हणून त्यानं फोन ठेवला. त्याला मीटिंग होती. माझ्या पिढीत आम्ही दोघंच. पाच भावंडांना मिळून एक मी आणि एक हा निर्धास्त.

अक्का वाढायला उठली.

दुसऱ्या दिवशी ती केंद्रात गेली आणि पुन्हा कामावर घ्या म्हणाली. त्यांनी तिला डोक्यावर घ्यायचंच तेवढं बाकी ठेवलं. त्याच आठवड्यात ती लाँड्रीवरच्या खोलीत राहायला गेली. भावांना निरोप दिला की मला ड्युटी आहे, मला नाही जमणार. मी चिडून विचारलं, "त्या गुडघ्यांनी परत माणसं उचलणार? सरळ नाही म्हणायचं होतंस!"

"नाही म्हटलेलं आपल्या घरात कुणाला ऐकू येत नाही," ती म्हणाली. "ड्युटी आहे म्हटलं की येतं. शिवाय तिथं सहाला सुट्टी होते."

पुढच्या रविवारी सगळे आमच्याकडे जमले. मधल्या काकानं घसा खाकरला आणि या वेळी तोंड माझ्याकडे केलं. मी एकटी, माझी नोकरी घराजवळ, माझी खोली ऐसपैस. मी अक्काकडे बघितलं. ती एक वाक्य बोलली असती तरी पुरे होतं. तिला सगळं कळत होतं, तिच्याइतकं ते कुणालाच कळत नव्हतं. तिनं घड्याळाकडे बघितलं आणि म्हणाली, "निघते मी. सकाळी ड्युटी आहे."

मला तिचा भयंकर राग आला. काकांचा नाही, तिचा. तिला सोडायला जिन्यापर्यंत गेले. कठडा धरून ती एकेक पायरी उतरत होती.

"रागावलीस?"

"हो."

"रागाव," ती म्हणाली. "मी कुणावर रागवायचं तेच कळलं नाही मला." आणि मागे न बघता गेली.

मी वर आले. माझ्या खोलीचा दिवा लागलेला होता. आत दोन खाटा बसतील का, हे मधला काका पावलांनी मोजत होता, आणि त्याला नीट दिसत नाही म्हणून बाबांनी त्याचा हात धरला होता.