रुंद तोंडाचा ड्रॉपर

नात डहाणूच्या घरी हाताने फोटो छापताना सिरिंजने औषध मोजत होती, आणि मला आमच्या जुन्या फोटो स्टुडिओत आलेली झरी गावची जानकी आठवली बघा. तिची मुलगी तापाने गेली होती. बाराव्याला फोटो हवा होता. कागदावर फोटो उमटवणारं पॅलेडियमचं द्रावण एकाच फोटोपुरतं उरलेलं. आमचे हे म्हणाले, "गप्पा पुरे, थेंब मोज." काळं-पांढरं उठून दिसावं म्हणून त्यात घालायच्या औषधाचे सहा थेंब मी नीट मोजले हो! पण ड्रॉपर दुसराच उचललेला, रुंद तोंडाचा; थेंब मोठे पडले. औषध जास्त झालं आणि फोटोत पोरीचा चेहरा पांढराफटक, नाकडोळेच नाहीत. जानकीने फोटो उन्हाकडे धरला. "बाई, ही कोन?"

नवं द्रावण येईपर्यंत जानकीही गेली. मग छापलेला फोटो अगदी स्पष्ट आला. तो अजून माझ्याच कपाटात आहे.