बर्फाच्या पेटीचं पंक्चर

आमच्या घरी बर्फाची एक पेटी हाय अन् तिच्यावर आमचे इवाई कधीच बसत नाहीत. बाकी कुठंबी बसतील. उंबऱ्यावर बसतील, सिमेंटच्या गोणीवर बसतील, पण पेटी पुढं सरकवली की म्हणत्यात, "राहू द्या, उभाच बरा हाय मी."

इवाई म्हंजी व्याही, आमच्या सुरेखाचे सासरे. तहसील कचेरीत कारकून व्हते, आता रिटायर. अंगानं भरलेले, बोलायला कमी, अन् समोरच्याला घाम फुटंल इतके सभ्य. मी सांडू, पडेगावचा. शहर ते गंगापूर काळी-पिवळी जीप चालवतो. शाळेत म्याबी गेलो व्हतो, पण मला पाहून मास्तर आजारी पडायला लागला, मग दया येऊन म्याच जायचं सोडलं.

तर आमच्या जावईबापूंना तंबूत झोपायचा नाद. (स्वतःचा फ्लॅट हाय, वर पंखा हाय, तरी बी!) एका उन्हाळ्यात त्यांनी काढलं की दोन्ही घरच्या मोठ्या माणसांना घेऊन गंगेच्या, म्हंजी गोदावरीच्या काठी, गंगापूरच्या पुढं एका ओळखीच्या शेतात, एक रात्र मुक्कामाला जायचं. मला हसू आलं. आमचा बाप जन्मभर रानात झोपला, त्याला कुणी कौतिकानं नेलं नव्हतं. पण जावयाचा शब्द, नाय म्हणता येत नाय.

अडचण एकच. इवायांना साखरेचा आजार. सकाळ-संध्याकाळ जेवायच्या आधी इंजेक्शन घ्यावं लागतं, अन् त्याची बाटली गार ठेवावी लागते. रानात फ्रीज कुठून आणायचा? जावईबापू म्हणले, थर्मासात बर्फ घालून नेऊ. तिथं मी तोंड उघडलं. म्हणलं, "थर्मास काहून? बर्फाची पेटी आणतो की मी. बाटली बी राहील, श्रीखंड बी राहील, दही बी राहील. तुम्ही काळजी सोडा."

इवाई नुसते मान हलवून म्हणले, "सांडूभाऊ म्हणत्यात तर आणतील."

झालं. तेव्हापासून सुरेखाचा रोज फोन. "आबा, पेटी घेतली का? आबा, चांगली बघून घ्या. मामंजींच्या इंजेक्शनचा प्रश्न हाय. काही झालं तर मला तिकडं तोंड दाखवता येणार नाय." लेक लग्नाआधी माझ्या जीपच्या मागं उभं राहून 'गंगापूर, गंगापूर' वरडायची, कुणाला भ्यायची नाय. तिचा आवाज असा बारीक झालेला ऐकून मला पेटीचं लईच टेन्शन आलं.

मी उस्मानपुऱ्यात गेलो. दुकानदारानं आधी थर्माकोलचा डबा दाखवला. म्या बोटानं दाबला, बोट आत गेलं. डबा आपला नाय, बोट आपलं हाय, म्हणून बाजूला ठेवला. मग एक निळी, हातात धरायची बारकी पेटी दाखवली. तिचं झाकण माझ्या जीपच्या दारासारखं नुसतं टेकलेलं. मग त्यानं आतून एक मोठी लाल पेटी काढली. जाड भिंती, दोन्ही बाजूला कड्या, झाकणाला चौफेर रबर.

आता म्या शिकलेलो नसलो तरी रबर मला कळतं. माझ्या जीपच्या दाराला रबर नाय म्हणून पॅसेंजर गंगापूरला उतरतो तेव्हा त्याला त्याची बायको वळखत नाय, इतका फुफाटा बसतो. म्या खिशातून एसटीचं जुनं तिकीट काढलं, झाकणात धरलं, कड्या लावल्या अन् वढलं. तिकीट फाटलं, पण निघालं नाय. दुकानदार म्हणला, "क्या कर रहे भाई?" म्या म्हणलं, "बांधा ही."

घरी आणून उलटी केली तर खाली भोक! बोटभर भोक अन् त्याला पिळायचं बूच. परत दुकानात गेलो. दुकानदार म्हणला, "भाई, वो पानी निकालने का है. बर्फ पिघलता ना." वाटंनं विचार केला. पाणी बाहेर येऊ शकतं, तर गारवा आत कशापायी थांबंल? गारव्याला काय पाय नसत्यात? कंपनीवाल्यांनी एवढं रबर लावलं अन् खाली भोक ठेवलं. शिकलेली माणसं असंच करत्यात.

मी बूच काढून फेकलं. कानशीनं जागा घासली, जुन्या ट्यूबचं ठिगळ कापलं अन् पंक्चरच्या डब्यात व्हतं तेवढं सगळं सोल्युशन लावून बसवलं. वर पाटा ठेवला. आमची मंडळी भाकरी थापता थापता बघत व्हती. म्हणली, "गाडीचं एक बी पंक्चर कधी टिकलं नाय तुमचं. हे टिकंल व्हय?"

ते खरं व्हतं. माझी जीप वाळूजच्या अलीकडं बसते हे पॅसेंजरलोकांना इतकं पाठ झालेलं, की काहीजण तिकीट काढल्यासारखे तिथं उतरून चहाच प्यायचे. पण म्या म्हणलं, "हे टायर नाय. इथं इवाई हायत."

निघायच्या दिवशी पेटीत बर्फ भरला. श्रीखंड, दही, काकड्या, अन् सगळ्यात खाली बर्फात इंजेक्शनची बाटली, स्टीलच्या डबीत. दुसरी बाटली घरी ठेवली, कारण मी म्हणलो व्हतो की पेटी असताना दुसरी कशाला. झाकण लावलं, कड्या ठोकल्या.

जीपमधी पुढच्या सीटची स्प्रिंग वर आलेली. इवायांना तिथं बसवून कसं चालंल? मागं फळ्या, त्या बी टोचत्यात. मी पेटीवर गोधडी घातली अन् म्हणलं, "या, ही तुमची गादी." इवाई बसले. माझ्या जीपमधी इतक्या मानानं आजवर कुणी बसलं नव्हतं. रस्त्यात खड्डा आला की ते वर जायचे अन् झाकणावर धप्पकन खाली यायचे. तेवढ्यात बी म्हणले, "सांडूभाऊ, पेटी भक्कम हाय तुमची." मी आरशात बघून लाजलो.

शेतावर पोचलो. जावईबापूंनी तंबू ठोकले. आमची मंडळी अन् इहीनबाई, म्हंजी इवायांची मंडळी, या दोघींनी तीन दगडांची चूल मांडली. मी जीपला एक फेरी मारली तर मागचा टायर निम्मा बसलेला. स्टेपनीकडं बघायचं कामच नव्हतं, ती कायमचीच बसलेली. म्हणलं सकाळी बघू. तेव्हा सोल्युशनचा डबा रिकामा हाय हे डोक्यात आलं, पण चुलीवर वांगी भाजायला लागलेली, त्या वासानं परत गेलं.

दिवस मावळायच्या वेळंला भाकऱ्या झाल्या, भरीत झालं, ठेचा झाला. ताटं मांडली. इहीनबाई हळूच म्हणल्या, "यांचं इंजेक्शन घ्यायची वेळ झाली." मी सगळ्यांच्या देखत उठलो. असं उठलो की जणू काही ऑपरेशन करायचंय. कड्या उघडल्या अन् झाकण उचललं.

झाकण आलं नाय. पेटी आली. अख्खी.

मी हसलो. खाली ठेवून परत वढलं. परत पेटीच आली. जावईबापू म्हणले, "मामा, कडी राहिली असंल." कडी नव्हती राहिली. ते पेटी धरून बसले, मी झाकण वढलं. मग मी धरली, त्यांनी वढलं. सासरा-जावई इतक्या जवळून एकमेकाच्या तोंडाकडं बघायची ती पहिलीच वेळ. शेवटी जीपमधून टामी, म्हंजी टायर उचकायची लोखंडी दांडी, आणली अन् रबरात घातली. टामी सटकली अन् मी भरताच्या पातेल्याजवळ जाऊन बसलो.

"फोडा ती," आमची मंडळी म्हणली.

"आत काचंची बाटली हाय, आई," सुरेखा म्हणली. "ती फुटली तर काय करायचं?"

इहीनबाईंनी झाकणावर गरम पाणी वतायचं सुचवलं. पण गरमानं औषध खराब झालं तर? पाणी तसंच चुलीवर उकळत राहिलं.

आता अवघड हे व्हतं. इंजेक्शनशिवाय इवायांना जेवता येत नाय, साखर चढते. उपाशी बी राहता येत नाय, माणूस गळून जातो. अन् इवाई जेवल्याबिगर आमच्यातलं कुणी ताटाला हात लावत नाय, ही आमच्याकडची रीत. म्हणजे भाकरी समोर, भरीत समोर, अन् सगळी माणसं हात आवरून पेटीकडं बघत बसलेली, जसं काही तिनं आधी घास घ्यायचाय. गरम जेवण गार व्हत व्हतं. गार जेवण मात्र आत झकास गार व्हतं.

मी म्हणलं, "जीपनं गंगापूरला जातो, दुकानातून दुसरी बाटली आणतो." अन् जीपकडं धावलो. निम्मा बसलेला टायर आता पुरता बसला व्हता, रिंग मातीला लागलेली. सोल्युशन? सगळं पेटीला लावलेलं. मी तसाच परत आलो. मला बघून मंडळीनं भाकऱ्यांवर फडकं झाकलं. तेच जास्त लागलं.

इवाई तंबूच्या तोंडाशी टेकून बसले व्हते. कपाळावर घाम. इहीनबाई पदरानं वारा घालत व्हत्या. ते एकदम सावकाश म्हणले, "सांडूभाऊ, तुम्ही जेवून घ्या सगळे. मी आज नुसतं पाणी पितो."

इवाई नुसत्या पाण्यावर! लेकीच्या माहेरच्या माणसांनी नेलेलं, अन् व्याही पाणी पिऊन झोपलेला. सुरेखानं माझ्याकडं बघितलं. रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं. तिचे डोळे भरले व्हते. मला वाटलं, त्या पेटीत मला कोंबलं असतं अन् वर इवाई बसले असते तर तेच ठीक झालं असतं.

जावईबापू बूट घालायला लागले. म्हणले, फोनला इथं रेंज नाय, डांबरी रस्त्यापर्यंत चालत जातो, कुणाची तरी गाडी मिळंल. अंधार पडत आलेला, वाट काट्याकुट्याची. एका पायात बूट घातला अन् दुसरा हातात धरून थांबले. पेटीकडं बघत म्हणले, "मामा, आतली हवा गार होऊन आकसली असंल. वरून बाबा बसलेले. झाकण आतून वढलं गेलंय. खालचं बूच काढलं तर हवा आत जाईल अन् झाकण सुटंल. बूच कुठंय?"

मी चुलीतलं लाकूड पुढं सारलं.

"मामा, बूच असतं खाली."

"व्हतं," म्या म्हणलं.

त्यांनी पेटी आडवी केली. सगळे वाकून बघायला लागले. लालभडक नव्या पेटीच्या बुडाला काळं ठिगळ, चारी बाजूनं घासलेलं, अन् मधी दाबल्याचे माझ्या अंगठ्याचे ठसे. इहीनबाईंनी विचारलं, "हे काय वो?"

आमची मंडळी म्हणली, "पंक्चर काढलंय त्यांनी."

जावईबापू हसले नाहीत, हे त्यांच्या घरचं वळण. त्यांनी नखानं ठिगळ उचलायला बघितलं. उचलंना. मी बघितलं. उचलंना. विळीनं कोपरा खरवडला, टामी लावली, दातानं बी वढून बघितलं, पण एक कोपरा सोडला तर ठिगळ जागचं हललं नाय. उभ्या जन्मात माझं एक ठिगळ असं बसलं व्हतं अन् ते बसलं कुठं!

"जोर लावा," सुरेखा म्हणली. बारीक आवाज गेला व्हता, गंगापूर-गंगापूरवाला आला व्हता. "आबा, जोर लावा की!"

मी पेटी दोन पायात धरली, विळीनं सुटलेला कोपरा पक्कडीत पकडला, डोळे मिटले अन् पाठ टेकंपर्यंत वढलं. सुस्स करून मोठा आवाज झाला. रोज तो आवाज ऐकून माझं काळीज बसतं, त्या दिवशी पहिल्यांदा तो गोड लागला. कट्ट करून झाकण सुटलं. मी उताणा, हातात पक्कड, पक्कडीत ठिगळ.

सुरेखानं बर्फात हात घालून डबी काढली. बाटली गारेगार. इवायांनी इंजेक्शन घेतलं, थोडा वेळ थांबले, मग भाकरीचा तुकडा मोडला. त्यांचा पहिला घास तोंडात गेला अन् सगळेजण ताटावर तुटून पडले. भरीत थंड झालेलं. कुणी नाव ठेवलं नाय. दही वाढलं तेव्हा इवाई तेवढं म्हणले, "गार मात्र चांगलं राहिलं."

सकाळी जावईबापू रस्त्यावर जाऊन एका ट्रॅक्टरवाल्याकडून सोल्युशन घेऊन आले. मी टायर खोलला. ठिगळ कापायला ट्यूबचा तुकडा नव्हता. इवाई शेजारी हात मागं बांधून उभे व्हते. म्हणले, "सांडूभाऊ, रात्रीचंच लावा की. ते टिकतं."

पटलं मला. तेच ठिगळ घासलं, सोल्युशन लावलं, पाट्याच्या जागी दगड ठेवला. हवा भरली. सगळे बसले. यावेळी इवायांनी पुढची सीट मागून घेतली, वर आलेल्या स्प्रिंगसकट.

वाळूजच्या अलीकडं, नेहमीच्या जागी, सुस्स झालं. सगळे उतरले. मी पेटी काढून गोधडी घातली अन् म्हणलं, "या, बसा." इवाई पेटीकडं बघत म्हणले, "राहू द्या, उभाच बरा हाय मी." मग मीच पेटीवर बसलो अन् ठिगळ घासायला घेतलं. समोरून माझे रोजचे पॅसेंजर दुसऱ्या जीपमधून चालले व्हते. मला बघून त्यांनी हात केला अन् एकानं वरडून विचारलं, आज सुट्टीच्या दिवशी बी इथंच का म्हणून.