चापातला दोर

जोराच्या वाऱ्यात शिडाचा दोर हातातच धरायचा, चापात अडकवायचा नाही, हा नियम मेव्हण्याला मीच शिकवला होता. शिकवला कसला, चारचौघांत पाणउतारा करून त्याच्या डोक्यात ठोकला होता. चाप म्हणजे दोन दातेरी जबडे. दोर त्यात दाबला की तो घट्ट बसतो आणि हाताला आराम मिळतो. पण झोत आला की शीड तत्काळ सैल सोडावं लागतं, आणि चापातला दोर आपण मुद्दाम उपसून काढल्याशिवाय सुटत नाही.

उजनी धरणाच्या फुगवट्यावर, करमाळ्याच्या अंगाला, माझी एक जुनी कॅटमरान होती. दोन अरुंद लांबट होड्या शेजारी ठेवून मध्ये जाळी ताणावी, तशी. वजनाला इतकी हलकी, की दोघांनी उचलून पाण्यात न्यावी. आणि वाऱ्यात अशी उधळायची, की अंगावर माणसं असलेली तिला सहनच होत नाहीत असं वाटावं. मी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवतो, मेव्हण्याचं कुंभारीला कापडाचं दुकान. सुकाणू आणि मोठ्या शिडाचा दोर माझ्याकडे. तो कमरेच्या पट्ट्यानं डोलकाठीच्या तारेला लटकून पाण्यावर बाहेर झुकायचा आणि उचलली जाणारी बाजू आपल्या वजनानं खाली दाबायचा. त्याचा जीव माझ्या मुठीतल्या दोरावर असायचा, हे दोघांनाही ठाऊक होतं.

आमच्याकडे आषाढात पाऊस कमी, वाराच जास्त. कोरडा, धुळीचा, दिवसभर कानाशी भांडणारा. दोन वर्षांपूर्वी अशाच वाऱ्यात पाच होड्यांची हौशी शर्यत होती. काठावर उभं राहून मेव्हणा म्हणाला, "दाजी, आज लई वारं हाय. पानी पांढरं झालंय बगा. नको आज."

"मग जा, गादीवर बस. गिऱ्हाइकाला खण दाखव."

"गादीवर बसलं तर पोट तरी भरतंय की," तो म्हणाला. बाकीचे हसले. माझ्यावर हसले. ते हसणं मी पाण्यात घेऊन गेलो.

अर्ध्या शर्यतीपर्यंत आम्ही दुसरे होतो. दर झोताला तो तारेवरून ओरडायचा, "सोडा, दाजी, सोडा!" आणि मी दोर सोडायचो. त्याचं बरोबरच होतं. तो बाहेर लटकलेला, झोत पाण्यावरून काळा होत येताना त्याला माझ्या आधी दिसायचा. पण सोडलं की वेग मोडायचा. पुढची होडी लांब गेली, मागची बरोबरीला आली. आणि दुकानदारानं मला हुकूम द्यावा आणि मी तो पाळावा, हे मला खुपायला लागलं.

परतीच्या वळणावर तो म्हणाला, "दाजी, बास करू. शीड उतरवू."

मी दोर खेचला आणि त्याच्या डोळ्यांदेखत चापात दाबला. हात दुखत होता म्हणून नाही. आता ओरड किती ओरडायचं ते, एवढंच मला त्याला दाखवायचं होतं. हे मी आजवर कुठं लिहिलेलं नाही.

पुढचा झोत आला तेव्हा तो कानडीत ओरडला. माझ्या सासरी घरात कानडी बोलतात, आणि घाबरला की तो त्या भाषेत जायचा. "बिडरी! बिडरी! बिडरी!" सोडा, सोडा, सोडा. मी चापाकडं हात नेला तोवर आमच्या दोन होड्यांतल्या, वाऱ्यापासून पलीकडच्या होडीचं नाक पाण्यात घुसलं. पुढचं टोक जागीच थांबलं, मागचं उभं राहिलं. तारेला लटकलेला तो गोफणीतल्या दगडासारखा पुढं फेकला गेला आणि त्याचा उजवा खांदा डोलकाठीला धरून ठेवणाऱ्या पुढच्या तारेवर आदळला.

होडी आडवी पडली. मासेमारी करणारा एक म्हातारा त्याची नाव घेऊन आला. त्यानं आणि मी जोर लावून पाहिला, पण होडी उठेना. शीड ताणलेलंच होतं, पाणी धरून बसलं होतं. मला कारण माहीत होतं, तरी मी नुसताच ओढत राहिलो. मग मेव्हणा एका हातानं पोहत जाळीपाशी गेला, डाव्या हातानं चापातला दोर उपसला आणि माझ्याकडं पाहिलं. होडी लगेच उठली.

"ह्यो दोर कुनी दाबला हुता रं?" म्हाताऱ्यानं विचारलं.

मी शीड गुंडाळायला लागलो.

घरी बायकोनं विचारलं तेव्हा मी म्हणालो, "हा वेळेत मागं सरकला नाही, म्हणून होडी उलटली." तो समोरच बसला होता, हात गळ्यात बांधलेला. आता हा बोलणार, असं मला वाटलं.

"व्हय आक्का," तो माझ्यावरची नजर न काढता म्हणाला, "माजंच चुकलं."

"ह्यांना काही झालं असतं म्हणजे?" ती त्याच्यावर ओरडली. "माझ्या दारात येऊ नकोस."

त्या वर्षी नागपंचमीला ती माहेरी गेली नाही. पुढच्या वर्षीही नाही. दोन्ही वेळा त्याचा निरोप आला, दोन्ही वेळा तिनं तो परतवला. मी शेजारच्या खोलीत पेपर तपासत बसलो होतो.

यंदा पंचमीच्या आदल्या दिवशी मी तिला सांगितलं. सगळं, म्हाताऱ्याच्या प्रश्नासकट. ती शेंगदाणे भाजत होती. तिनं गॅस बंद केला.

"तो सोडा म्हणाला होता?"

"हो."

"आणि दोन वर्षं मी त्याला..." रात्री ती जेवली नाही. सकाळी तिची पिशवी दारात होती.

मी तिला गाडीनं कुंभारीला नेलं. दुकान नुकतंच उघडलं होतं. मेव्हणा डाव्या हातानं, काठीच्या आकड्यानं वरच्या फळीवरचा तागा खाली ओढत होता. उजवा हात खांद्याच्या वर जात नाही, हे मला ऐकून माहीत होतं. पाहिलं त्या दिवशी. ती गल्ल्यापाशी उभी राहून रडायला लागली, आणि त्याला कळलं.

तो बाहेर माझ्यापाशी आला.

"सांगितलं जनू."

"हो. माफ कर म्हणायला तोंड नाही, पण..."

"दोन वर्सं मी वाट बगितली, दाजी. तुमी सांगाल म्हनून गप बसलो. आता सांगितलं. तुमी मोकळे झाला की." त्यानं उजवा हात उचलला. तो छातीपाशी थांबला. "माजा ह्यो हितंच ऱ्हातोय."

मी पिशवी उचलायला वाकलो. त्यानं ती डाव्या हातानं आधीच घेतली होती.

"आत येऊ?" मी विचारलं.

"आक्काला इचारा."

तिनं आतूनच नको म्हणून मान हलवली. मी गाडीत बसलो. रस्त्यावर वारा धूळ उडवत होता. तो दाराशी आला आणि दुकानाचं शटर डाव्या हातानं अर्धं खाली ओढलं. एका हातानं ओढायचं म्हणून त्याला बराच वेळ लागला.