दवाखान्यातला धडा

आत्याला सरळ उत्तर देता येत नाही, हे आमच्या दुकानात सगळ्यांना ठाऊक होतं. कपडे आखूड-सैल करून देण्याचं आमचं दुकान. ती मशीनवर, मी काज-बटणांवर; नात्याची नसले तरी मीही तिला आत्याच म्हणे. गिऱ्हाइकाने विचारलं, "कोट कधी मिळेल?" की ही म्हणणार, "तुम्ही बारीक व्हायच्या आत नक्की!" माणूस हसत हसत घरी जाई आणि तारीख विचारायची राहिली हे त्याला वाटेत आठवे. माझा कधीकधी संताप होई, पण हसूही आवरत नसे.

गेल्या हिवाळ्यात तिने तयार कोट वरच्या खुंटीला लावणं सोडलं. "तू उंच आहेस, तू लाव," म्हणाली. मी तिच्यापेक्षा चांगली वीतभर बुटकी आहे. तसं म्हटलं तर म्हणते, "मग खुंटी वाढली असेल." हळूहळू तिचा डावा हात नुसता मांडीवर पडून राहायला लागला. कपडे अंगावर लोंबायला लागले. दुसऱ्यांचे कपडे मापात बसवणारी बाई स्वतःच्या कपड्यांना टीप मारेना, हे मला बघवत नव्हतं. पण विचारून काय उपयोग? विनोद करून मोकळी.

तिची भाची तेव्हा परदेशी जायच्या तयारीत होती. भाऊ-भावजय गेल्यापासून आत्यानेच तिला वाढवलेली. पोरगी कॉलेजात एक परकी भाषा शिकत होती आणि एका सत्रासाठी त्याच देशात जाऊन शिकायचं ठरलं होतं. तिकीट हातात आलं होतं. घरात जागा नाही म्हणून बॅग दुकानाच्या कोपऱ्यात उघडी पडली होती, येता-जाता आम्ही तिला अडखळत होतो. अडचण एकच होती. पोरीला ती भाषा लिहिता झकास येई, पण बोलायची वेळ आली की दातखीळ बसे. शिक्षक म्हणाले, रोज कुणाशी तरी बोल. आत्याशिवाय दुसरं होतं कोण?

म्हणून दुकान बंद झालं की भाची आत्याला वाक्यं शिकवी आणि दोघी पुस्तकातले संवाद म्हणत बसत. आत्या भाचीला मास्तरीणबाई म्हणे. ती स्वतः कधी घरमालकीण होई, कधी तिकीटवाली. पोलीस झाली की आवाज जाड करून मलाच अटक करी. ऐकून ऐकून मलाही निम्मंशिम्मं कळायला लागलं.

मग दवाखान्याचा धडा आला. भाची डॉक्टर, आत्या रोगी.

"कुठे दुखतं?" भाचीने त्या भाषेत विचारलं.

"हात दुखतो," आत्या म्हणाली. "हिवाळ्यापासून."

"आत्या, पुस्तकात घसा आहे. आणि शब्द मागेपुढे झाले."

आत्याने मुकाट्याने शब्द जागेवर लावले आणि वाक्य पुन्हा म्हटलं. हातच दुखत होता. हिवाळ्यापासूनच.

"आता बरोबर!" भाची म्हणाली.

माझी सुई काजातच थांबली. टोलवायलाही शब्द लागतात, आणि त्या भाषेत आत्याकडे तेवढे नव्हतेच. होती ती चार सरळ वाक्यं.

दुसऱ्या दिवशी मी तिला धरलं. "पोरीला सांगतेस की मी सांगू?"

"ती गेली की जाते मी डॉक्टरकडे. तोवर तोंड उघडलंस तर माझ्याशी गाठ आहे."

बोलून गेली आणि तिचं तिलाच ऐकू आलं. तिचा उजवा हात नकळत डाव्या काखेकडे गेला. आम्ही दोघीही हसलो नाही. मी म्हटलं, "जायच्या आदल्या दिवसापर्यंत थांबते. मग सांगणार म्हणजे सांगणार."

त्यानंतर रोज संध्याकाळी आत्या स्वतःहून म्हणायची, "दवाखान्याचा घेऊ या." वाक्यं वाढत गेली. भूक नाही. झोप नाही. भाची बिचारी खूश. "आत्या, तू पुस्तकाबाहेरचंही बोलायला लागलीस!" तिचीही जीभ सैल झाली होती, प्रश्नामागून प्रश्न विचारत होती. मी बटणं लावत ऐकायची आणि सुई बोटात घुसवून घ्यायची.

जायच्या आदल्या दिवशी मी मनाची तयारी करून बसले होते. आजचा धडा संपला की बोलायचंच. तेवढ्यात भाचीने डॉक्टरच्या थाटात, पुस्तकात नसलेला एक प्रश्न विचारला. "घरी कुणाला सांगितलं का?"

"नाही," आत्या त्या भाषेत म्हणाली. "मुलगी उद्या जाते."

भाची चूक दाखवायला पुढे वाकली. वाक्यात चूक नव्हती. ती तशीच वाकून राहिली.

"आत्या?"

"अगं, नाटक ते! जरा रंगले, एवढंच. हिला विचार, मी पोलीस झाले की कशी..."

"आपल्या भाषेत नको," भाची म्हणाली. "त्या भाषेत सांग."

आत्या शब्द शोधत राहिली. गाठीला काय म्हणतात ते पुस्तकात नव्हतं. शेवटी तिने भाचीचा हात धरला आणि आपल्या काखेत ठेवला. पोरीची बोटं तिथेच थांबली. मला कुणाकडेच बघता येईना.

मग आत्या त्या भाषेत एकच वाक्य बोलली. घरमालकीण पाहुण्यांशी बोलते ते आदराचंच रूप तिला येत होतं. जन्मभर जिला "अगं ए" म्हणून हाक मारली, तिला ती म्हणाली, "कृपया, आपण जावं."

"मी नाही जाणार," भाची आपल्या भाषेत म्हणाली आणि बॅगेत भरलेल्या कपड्यांवरच मटकन बसली. "ऐकलंस? नाही जाणार मी."

आत्या थकलेल्या आवाजात म्हणाली, "म्हणूनच सांगितलं नव्हतं."