पडदेवाल्या काकांचा बारमाही शनी

काकांचं दुकान पडद्यांचं, पण बोलणं आकाशाचं. गिऱ्हाईक खिडकीचं माप सांगे, काका त्याला शनीच्या कड्यांचं माप सांगत. आरशाची दुर्बीण घरी आल्यापासून शनीने त्यांना कधी हुलकावणी दिली नव्हती. बारा महिने, कुठल्याही दिशेला नळी वळवा, शनी हजर. बाकीच्या हौशी लोकांना तो वर्षातले काही महिनेच सापडतो, याची काकांना कीव येई.

त्या संध्याकाळी आकाशमित्र मंडळ त्यांच्या गच्चीवर जमलं. अध्यक्ष निवडायचा होता. काकांना ती खुर्ची हवी होती. इतकी, की तिच्यासाठी उरल्यासुरल्या कापडाची गादीही शिवून झाली होती. आडवे येणार होते फक्त दातांचे डॉक्टर.

सगळ्यांनी रांगेने शनी पाहिला. गोल कडं, मधे काळा ठिपका. ठिपका म्हणजे खुद्द शनी, तो काळाच असतो, असं काकांनी समजावलं. माना डोलल्या. डॉक्टर मागे कसे राहतील? त्यांना कड्यातली फटसुद्धा दिसली. फटी शोधणं हा त्यांचा धंदाच.

शेवटी काकूंचा नंबर आला. त्यांनी चष्मा काढला आणि धूसर दिसलं म्हणून बाजूची चकती फिरवली. कडं आवळत आवळत गेलं. उरला एक लखलखीत ठिपका.

"अहो, तुमचा शनी आटला."

डॉक्टरांनी वाकून पाहिलं. साधी चांदणी. चकती नीट जुळवली नाही, तर नळीतल्या छोट्या आरशाची सावली मधोमध पडते आणि कुठल्याही चांदणीचं कडं होतं. हे डॉक्टरांना आत्ता आठवलं. पाठोपाठ ती फटही आठवली.

काकांनी मनातल्या मनात हिशेब केला. खुर्ची गेली, गादी उरली.

डॉक्टर खाकरले. "मला वाटतं, अध्यक्ष काकाच असावेत. एकमताने."

मघाशी डोललेल्या सगळ्या माना पुन्हा डोलल्या.

मंडळी चहाला खाली उतरली. काकूंना मात्र चकतीचा नाद लागला होता. त्यांनी नळी पाण्याच्या टाकीच्या वर आकाशात चमकणाऱ्या पिवळसर ठिपक्याकडे वळवली, चकती फिरवली आणि थबकल्या.

"अहो, इकडे या. ह्याला कान आहेत."

खऱ्या कड्यांमुळे कान फुटल्यासारखा कोण दिसतो, ते काकांना पुरतं ठाऊक होतं. त्यांचा पाय दुर्बिणीकडे वळलाही. तेवढ्यात खालून कुणीतरी "अध्यक्षसाहेब" अशी हाक मारली.

"झाक ती दुर्बीण," काका म्हणाले. "शनीचा ठराव झालाय."